सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर काही जण सुसाट गाड्या चालवतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की समजावून झालं, 'वेग 20' असा फलकही लावून झाला, तरी काही जण ऐकत नाहीत. रस्ता खाजगी, म्हणून पोलीसही लक्ष घालत नाहीत. कमिटीत असताना मी हेच सगळं केलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: माणसांना बोलण्यात शक्ती घालवण्यापेक्षा रस्ता बदला.

आधी वेग मोजा. खडूने 50 मीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि मोबाइलवर वेळ घ्या. गाडीला 9 सेकंद लागले तर वेग ताशी 20 किलोमीटर, 6 लागले तर 30, आणि 4 सेकंदांच्या आत गेली तर 45 च्या वर. आम्ही आठवडाभर नोंदी केल्या. तोवर सगळा दोष पार्सल आणणाऱ्या मुलांवर जात होता. वहीत मात्र जोरात जाणाऱ्या बहुतेक गाड्या रहिवाशांच्याच निघाल्या. सभेत नावं घेतली नाहीत, फक्त आकडे वाचले. सूर तिथेच बदलला.

त्याच सभेत मांडलेला एक हिशोब तुम्हीही मांडा. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. 30 च्या वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर त्या सेकंदासकट 13-14 मीटरमध्ये थांबते. 50 च्या वेगाला तेवढं अंतर त्या एका सेकंदातच संपतं, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. चेंडूमागे धावत आलेलं मूल तेवढ्याच अंतरावर असेल, तर त्याला पूर्ण वेगाने धडक बसते. आणि हे कशासाठी? 300 मीटरचा रस्ता 40 ऐवजी 20 ने गेलात तर 27 सेकंद जास्त लागतात.

गतिरोधक घालणार असाल तर अरुंद, उंच रबरी पट्टी नको. हळू जाणाऱ्याला तिचा दणका बसतो, वेगात जाणाऱ्याच्या गाडीचे सस्पेन्शन तो बराचसा गिळून टाकते. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात चाचण्या घेऊन गोलसर उंचवटा ठरवला गेला: सुमारे 3.7 मीटर लांब, 10 सेंटिमीटरपर्यंत उंच. त्यावर वेगात गेलं की जास्त हादरा बसतो, हळू गेलं की त्रास नाही. एकच घातलात तर लोक पुढे पुन्हा गाडी दामटतात, म्हणून ठरावीक अंतरावर हवेत. रंगाचे पट्टे आणि दिवा हवाच. अंधारात न दिसलेला गतिरोधक दुचाकीवाल्याला पाडतो.

तरीही एक-दोघं उरतातच. दोघांनी घरी जाऊन बोला, मग लेखी नोटीस द्या. ग्रुपवर नाव टाकलंत तर माणूस हट्टाला पेटतो. कोणी जखमी झालं तर मात्र रस्ता खाजगी म्हणून पोलिसांकडे जायचं टाळू नका.

आणि वळणावरच्या उभ्या गाड्या आजच हलवा. आमच्याकडे एक मुलगी सायकलसकट गाडीखाली येता येता वाचली. चालक वेगात नव्हता, कोपऱ्यावर लावलेल्या गाडीमुळे त्याला ती दिसलीच नव्हती. तिथलं पार्किंग आम्ही दुसऱ्याच दिवशी बंद केलं.