वाचक विचारतात : ‘सीबीडी’ची बाटली आणि बाबांची गोळी

प्रश्न : बाबा 66 वर्षांचे, गुडघे फार दुखतात. भाच्यानं पुण्याहून ‘सीबीडी ऑइल’ पाठवलं. बाटलीवर 10 मिली, 1000 मिग्रॅ असं छापलंय. ‘जवसाच्या तेलासारखंच आहे, भाकरीवर एक ड्रॉपर टाकून द्या,’ म्हणतो. बाबांना हृदयाच्या झडपेसाठी वॉरफॅरिन सुरू आहे. द्यावं का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : देऊ नका. सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातलं एक द्रव्य, आणि वॉरफॅरिन ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी. वॉरफॅरिनचा निचरा यकृतात होतो आणि सीबीडी नेमकं तेच काम मंदावतं. गोळी रोजचीच, पण रक्तात साचत जाते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, चढतो. हिरड्यांतून रक्त येणं, दाढी करताना कापलेलं लवकर न थांबणं, डांबरासारखं काळं शौच, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-चार दिवस तेल दिलं गेलं असेल तर वॉरफॅरिन मनानं बंद करू नका. बाटली सोबत नेऊन आयएनआर तपासा. फिटच्या गोळ्या घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, यकृताचे रुग्ण आणि मुलं यांनीही हे तेल टाळावं.

आता बाटलीचा हिशेब. 10 मिलीत 1000, म्हणजे मिलीला 100 मिग्रॅ. मिलीत साधारण 20 थेंब धरले तर एका थेंबात 5. ब्रिटनच्या अन्न यंत्रणेनं 2023 मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा 70 वरून 10 मिग्रॅवर आणली. दोन थेंबांतच ती संपते. भाच्याचा ड्रॉपर एक मिलीचा असेल तर दहापट! त्यात तेला-तुपाच्या जेवणासोबत सीबीडी अंगात जास्त भिनतं.

आणि जवसाशी बरोबरी कशाला? आपल्याकडे 2021 पासून हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, बिया, त्यांचं तेल व पीठ खाद्यपदार्थ म्हणून चालतात, पण त्यात सीबीडी किलोमागे 75 मिग्रॅपेक्षा जास्त नको. म्हणजे 10 मिली तेलात एक मिलिग्रॅमही भरत नाही. तुमची बाटली स्वयंपाकघरातली नव्हेच. असं तेल आयुर्वेदिक औषध म्हणून, ‘विजया’ (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) या नावानं विकतात. त्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक हवा आणि वैद्याची चिठ्ठी हवी. 14 अंकी क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना. तो छापून ‘गुडघेदुखी बरी’ असा दावा केला असेल तर बाटली परत करा.

प्रश्न : कृषी केंद्रात ‘सन हेम्प’चं बियाणं मिळतं. चटणीत चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. तो हिरवळीच्या खताचा ताग, म्हणजे बोरू. झाडच वेगळं. त्याच्या बियांतली द्रव्यं यकृताला घातक असतात. ते वावरातच पेरा, चटणीला जवस आहेच.