पेस्ट न लावता द्राक्षाचे डोळे एकसारखे कसे फुटतील?

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी दोन एकर थॉम्पसन सीडलेसची बाग आहे. वेली डॉगरिज खुंटावर आहेत आणि वळण वाय पद्धतीचे आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी चालू असलेल्या रूपांतराचे हे तिसरे वर्ष. मागच्या हंगामात वेळेवर मजूर मिळाले नाहीत, त्यामुळे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली. नियमाप्रमाणे डोळे फोडणारी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली नाही. बऱ्याच काड्यांवर टोकाचा एकच डोळा फुटला आणि तो पाच पानांवर आला तरी त्याच्या खालचे दोन डोळे, ज्यांत घड असल्याचे छाटणीपूर्वी तपासून घेतले होते, तसेच बंद राहिले. काही काड्या तीन आठवडे हलल्याच नाहीत. शेजारचे बागायतदार म्हणतात, एकदा लावून टाक, कोण पाहायला येते. मला ते करायचे नाही. हायड्रोजन सायनामाइडऐवजी काय लावावे?

उत्तर : आपण शेजाऱ्यांचे ऐकले नाही, हे फार चांगले केले. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हायड्रोजन सायनामाइडला परवानगी नाही, आणि बहुवर्षीय पिकाला पहिल्या प्रमाणित तोडणीपूर्वी छत्तीस महिने रूपांतरात काढावे लागत असल्यामुळे एका दिवसाच्या पेस्टिंगपायी तीन वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. पूर्वी वापरात असलेला थायोयुरिया आणि पानगळीसाठी मारले जाणारे इथ्रेल यांनाही हेच लागू आहे. माणसाच्या बाजूनेही विचार करावा. हे रसायन त्वचा आणि डोळे भाजते; लावणाऱ्याने त्या दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे, श्वास लागणे असे गंभीर त्रास होतात. युरोपीय संघाने 2008 मध्ये त्याला मंजुरी नाकारली, ती माणसाच्या आरोग्याची चिंता पुढे ठेवूनच. आपल्याकडे वाटीत पेस्ट घेऊन उघड्या बोटांनी डोळे माखणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

“काय लावावे” याचे उत्तर पुढे देतोच. पण ते एकटे पुरेसे नाही, आणि ते का पुरत नाही हे वेलीच्या स्वभावात पाहावे लागते. थंड प्रदेशात द्राक्षवेल पानगळ करून झोपते आणि सात अंशांच्या खालच्या गारठ्याचे पुरेसे तास मिळाल्यावर तिच्या डोळ्यांतील आतले कुलूप निघते. मग वसंतातील ऊब मिळताच सारे डोळे जवळजवळ एकदम फुटतात. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये वेल हिरवीगार उभी असते. तिला ना गारठा मिळालेला असतो, ना पुरती झोप, आणि अशा अर्धवट झोपेत आपण तिला छाटून लगेच उठायला सांगतो. काडीच्या टोकाचा डोळा तेवढा उठतो, कारण वाढीचा जोर नेहमी टोकाकडे असतो आणि तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. हायड्रोजन सायनामाइड डोळ्यातील कॅटालेज या विकराचे काम अडवून त्याच्या श्वसनाला धक्का देते आणि जणू थंडी पडून गेल्याचा भास निर्माण करते. आपल्या बागेत नोव्हेंबरमध्ये छाटणी झाली तेव्हा पुढे खरी थंडीही आली, पण ती काडी छाटून झाल्यावर. झोप पुरी करायला त्या थंडीचा उपयोग झाला नाही. उठू पाहणारे डोळे मात्र तिने आखडून ठेवले. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दहा अंशांखाली उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. तसल्या रात्रींत रसायन लावलेली बागसुद्धा रेंगाळते.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत ठाम सल्ला तारखेचा आहे. सेंद्रिय बागेची गोडी छाटणी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ओलांडू देऊ नये. रात्री अजून उबदार असतात आणि तीच ऊब आपल्याला हवी आहे. यात परतीच्या पावसाचा आणि डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका आहे, हे मला ठाऊक आहे. पण डाऊनीसाठी बोर्डो मिश्रण आहे, मोकळी कॅनॉपी आहे, फेलफूट (घड नसलेली फूट) वेळीच काढणे आहे. थंडीने अडलेल्या डोळ्यावर सेंद्रिय शेतकऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच नाही. मजुरांची टोळी ठरवायची ती गणपतीच्या आसपासच ठरवून ठेवावी.

दुसरी तयारी खरड छाटणीपासूनची, म्हणजे काडी तयार करण्यासाठी एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीपासूनची. साधारण आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी किंवा किंचित जाड, गोल आणि तळापासून तपकिरी झालेली काडी सर्वांत सारखी फुटते. अंगठ्याएवढ्या जाड काडीचे डोळे हट्टी असतात, तर बारीक काडीत फुटायला अन्नसाठाच नसतो. एका वेलीवर दोन्ही प्रकारच्या काड्या असतील, तर कोणत्याही औषधाने त्या एकाच दिवशी फुटणार नाहीत. त्यामुळे एप्रिलनंतरची विरळणी, सबकेन (शेंडा मारल्यावर बगलेतून येणारी उपकाडी) करताना शेंडा मारण्याची वेळ आणि पावसाळ्यात वाढ रोखून काडी पक्व करणे, यांवर ऑक्टोबरची फूट ठरते. काडी आडवी कापून पाहावी: गाभा लहान आणि तपकिरी झालेला असेल, तर ती तयार आहे, मोठा, मऊ आणि हिरवट पांढरा असेल, तर अजून नाही.

आता छाटणीपूर्वीचे तीन आठवडे. या काळात पाणी हळूहळू तोडावे. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण चटकन बसतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत तो बसता बसत नाही आणि मध्येच पाऊस आला तर सगळे मुसळ केरात जाते. म्हणून भारी जमिनीत खरा भरवसा हाताने केलेल्या पानगळीवर ठेवावा. ठरलेल्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी, राखायच्या डोळ्यांजवळची पाने देठासकट काढावीत. डोळा सोलवटू नये म्हणून पान खाली न ओढता बाजूला मोडावे. हे काम वेळखाऊ आहे आणि दोन एकरांना मजुरी लागते, पण माझ्या पाहण्यात सेंद्रिय बागेत इतका परतावा देणारे दुसरे काम नाही. पान गेले की डोळ्याला दाबून ठेवणाऱ्या द्रव्यांचा पुरवठा कमी होतो, आणि आठवड्याभरात डोळ्याच्या तळाशी खवले किंचित सैल झालेले बोटाला जाणवतात. नखाने टोकरू नये. बोटाच्या पोटाने हलके चाचपले तरी कळते. तसे फुगलेले डोळे दिसू लागले की कात्री चालवावी.

छाटणी कोठे करायची, यात आपली मागच्या वर्षीची चूक दडलेली असावी असे मला वाटते. पेस्ट लावणारा बागायतदार घडाच्या डोळ्याच्या पुढे एखादा डोळा जास्त ठेवू शकतो, कारण हवा तोच डोळा तो पेस्टने उठवतो. आपल्याकडे ती सोय नाही. टोकाचा डोळा फुटणारच आहे, तर घडाचा डोळाच टोकाला आला पाहिजे. तपासणीत सर्वांत सशक्त घड ज्या डोळ्यात दिसला, बरोबर त्याच्या पुढे अर्धे पेर सोडून काप घ्यावा. सबकेनच्या काडीवर गाठीपुढे एक किंवा दोनच डोळे राखावेत. सरळ, लांब काडीवर खालचेही डोळे हवे असतील, तर काडी तारेवर आडवी आणून टोक किंचित खाली झुकवून बांधावी, आणि बांधण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून आतून बारीक कुरकुर ऐकू येईपर्यंत पिरगळावी. साल फाटू देऊ नये. न्यूझीलंडमधील सेंद्रिय किवी उत्पादकांचा याच अडचणीवरचा एक उपाय असा, की काही डोळे आंधळे राहणार हे गृहीत धरून ते मुळातच जास्त काड्या आणि जास्त डोळे राखतात. आपणही प्रत्येक वेलीवर नेहमीपेक्षा थोड्या जास्त काड्या ठेवाव्यात आणि फूट दिसल्यावर विरळणी करावी.

आता लावायच्या गोष्टीकडे. लसणाच्या लगद्याने द्राक्षाचे डोळे लवकर फुटतात, हे जपानमधील प्रयोगांत दिसले आहे, आणि त्यातील गंधकयुक्त, उडून जाणारे घटक ते काम करतात. उडून जाणारे हा शब्द महत्त्वाचा. लसूण सोलून पाणी न घालता पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावा, छाटणीच्या मागोमाग काडीच्या ताज्या कापावर आणि टोकाच्या डोळ्यांवर ब्रशने लावावा आणि दिवसाचा लगदा त्याच दिवशी संपवावा. रात्रभर भिजवून, गाळून, ड्रममध्ये साठवलेल्या लसूणपाण्याकडून मी फारशी अपेक्षा ठेवणार नाही. लसूण रासायनिक पेस्टची बरोबरी करत नाही. तयार काडीला तो मदत करतो, कच्च्या काडीला उठवत नाही. वापरण्यापूर्वी प्रमाणीकरण संस्थेला लेखी कळवून त्याची नोंद शेतवहीत करावी. “सेंद्रिय डोळाफोड” म्हणून दुकानांत मिळणाऱ्या बाटलीवर घटक छापलेले नसतील, तर ती बाग राहो, बांधावरही आणू नये.

यंदा एकाच रांगेत दहा वेलींना लसूण लावा आणि शेजारच्या दहा तशाच ठेवा. आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या दिवशी फुटलेले डोळे मोजून लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा निर्णय त्या आकड्यांवर घेता येईल.

छाटणी झाल्यावर लगेच भरपूर पाणी द्यावे आणि हवा कोरडी असेल, तर दुपारनंतर ओलांडे (वेलीचे आडवे हात) व काड्या साध्या पाण्याने भिजवाव्यात. डोळा कापसला, म्हणजे फुगून कापसासारखा दिसू लागला, की उडद्या भुंगेरे येतात आणि पोंगा (कोवळा कोंब) कोरून खातात. फूट जितकी रेंगाळते तितके दिवस त्यांना मेजवानी मिळते. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेलीखाली कापड धरून तारा हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे नष्ट करावेत. फूट दोन टप्प्यांत आली, तर विरळणीही दोनदा करावी लागेल; मागे राहिलेल्या फुटीला पुढच्यांची सावली लागली, तर त्यातला घड जिरतो किंवा बाळीवर जातो, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा राहतो.

प्रश्न : माझ्या सेंद्रिय बागेच्या बांधाला लागून रासायनिक बाग आहे. तिथे पेस्ट हाताने न लावता फवारून देतात. माझ्या बागेत रसायन येईल का?

उत्तर : वारा आपल्याकडे असेल, तर कडेच्या रांगांवर येऊ शकते. त्या रांगांना संरक्षक पट्टा म्हणून वेगळे नोंदवा, त्यांचा माल वेगळा तोडून सेंद्रिय म्हणून न विकता साध्या बाजारात द्या, आणि बांधावर शेवरी किंवा उंच वाढणाऱ्या गवताची दाट ओळ धरा. छाटणीच्या आधी शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांची तारीख विचारा आणि वारा पडलेला असताना फवारण्याची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात. त्यांनी सांगितलेली तारीख आणि वेळ मात्र आपल्या वहीत लिहून ठेवा, कारण निरीक्षक आल्यावर तो ती विचारतो.