घर तारण ठेवून सीपीएल, की आधी ॲफकॅट?

प्रश्न (थोडक्यात): वय ५३, कराडला राहतो. हातात पगार ७८ हजार, निवृत्ती ५८व्या वर्षी. एफडी २२ लाख, घरावर कर्ज नाही. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, वय २१ वर्षं ४ महिने. धाकटी मुलगी अकरावीत. मुलाला हवाई दलात पायलट व्हायचंय. त्याचं म्हणणं, आधी कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) केलं तर वयोमर्यादा २४ची २६ होते आणि तिथे नाही जमलं तर एअरलाइन आहेच. खर्च ५५ लाख. पैकी १५ एफडीतून, ४० लाख घर तारण ठेवून. कर्ज काढावं का?

उत्तर: आत्ता काढू नका. आधी ॲफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा, देऊ द्या.

मुलगा सांगतो तो नियम खरा आहे, पण अर्धा. चालू सीपीएल असेल तर फ्लाइंग ब्रँचसाठी २६ वर्षांपर्यंत सवलत मिळते. मात्र एसएसबीत, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीत, शिफारस झाल्यावर सीपीएसएस नावाची संगणकावरची पायलट चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झाला की एनडीए, सीडीएस, एनसीसी, ॲफकॅट, प्रवेशाच्या यापैकी कुठल्याही मार्गाने फ्लाइंगचं दार पुन्हा उघडत नाही. मग ती दोन वर्षांची सवलत काय कामाची? शिवाय निवड झाल्यावर हवाई दल सगळ्यांना शून्यापासूनच शिकवतं. म्हणजे सवलत ५५ लाखांना विकत घ्यायची आणि ती वापरता येईल की नाही हे नंतर कळणार. हा क्रम उलटा करा.

ॲफकॅटची फी ५५० रुपये अधिक जीएसटी. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो. बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्हींत प्रत्येकी ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के लागतात, तेव्हा आधी गुणपत्रिका काढून बघा. वय परीक्षेच्या दिवशी नाही, कोर्स सुरू होतो त्या दिवशी मोजतात, आणि कोर्स परीक्षेनंतर साधारण दहा-अकरा महिन्यांनी सुरू होतो. त्यामुळे "२४ पर्यंत वेळ आहे" हा हिशेब चुकतो. तुमच्या मुलाला २३च्या आतच परीक्षा द्यावी लागेल, म्हणजे हाताशी जेमतेम तीन ॲफकॅट. जोडीला यूपीएससीची सीडीएस आहे, तीही वर्षातून दोनदा. मुलग्यांना तिथून पर्मनंट कमिशन, म्हणजे कायमची नोकरी मिळते; ॲफकॅटमधून फ्लाइंगला मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी.

फॉर्म भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन चष्म्याचा नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या. उंची १६२.५ सेंमी लागते आणि पायाची लांबी, बसल्यावरची उंचीसुद्धा मोजतात, कारण कॉकपिटची जागा ठरलेली असते. क्लासचं लाखभराचं पॅकेज याआधी घेऊ नका.

आता पैशांच्या बाजूने जास्त महत्त्वाची गोष्ट. मुलाला नक्की काय हवंय, हे त्याला स्वतःच्या हाताने कागदावर लिहायला सांगा. उडायचंय, गणवेश हवाय, की एअरलाइनचा पगार? तिन्हींची किंमत वेगळी. गणवेश हवा असेल तर आधी ग्राउंड ड्युटी, म्हणजे हवाई दलातलं जमिनीवरचं काम, चालेल का ते विचारा, कारण उड्डाण जमलं नाही तर प्रशिक्षणातूनही नाव कमी होतं. "फाइटरच" असं असेल तर फाइटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे हवाई दल ठरवतं, तो नाही. आणि "फुकट उडायला शिकू, मग एअरलाइन" असा बेत असेल तर शॉर्ट सर्व्हिसची १४ वर्षं मोजा. मध्येच राजीनामा टाकून निघता येत नाही. प्रशिक्षणाआधी बाँड लिहून द्यावा लागतो, स्वतःहून सोडलं तर खर्च वसूल होऊ शकतो. सही करण्याआधी तुम्हीही तो वाचा.

निवड झालीच तर आकडे असे: मूळ वेतन ५६,१००, लष्करी सेवा वेतन १५,५००, सातव्या वेतन आयोगाने ठरवलेला उड्डाण भत्ता २५,०००. महागाई भत्ता धरलेला नाही. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, हे मात्र घरात कुणी बोलत नाही. सदतीस-अडतिसाव्या वर्षी तो बाहेर पडेल. पहिल्या महिन्यापासून फक्त उड्डाण भत्त्याएवढी एसआयपी १४ वर्षं ठेवली आणि दहा टक्के परतावा धरला, तर सुमारे ९१ लाख होतात. खासगी टर्म प्लॅन घेताना "सैन्यात पायलट" असं स्पष्ट लिहा आणि उड्डाणातला मृत्यू वगळणारं कलम आहे का ते बघा.

आता तुमचं कर्ज. घर तारण कर्ज म्हणजे शैक्षणिक कर्ज नव्हे. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सूटही मिळत नाही. ४० लाख, साडेदहा टक्के, १० वर्षं: हप्ता सुमारे ५४,०००, एकूण व्याज पावणेपंचवीस लाख. ७८ हजारांतून ५४ गेले की उरतात २४ हजार, आणि निवृत्तीनंतरही पाच वर्षं हप्ते चालूच. मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठी एफडीत उरतील सात लाख.

सीपीएल हातात आलं म्हणजे नोकरी आली, असंही नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, वेगळं; त्याला आणखी पंधरा-वीस लाख धरा. नोकरी लागेपर्यंत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) आणि क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) दर वर्षी नव्याने करायचं, तोही खर्चच.

ॲफकॅटचे तिन्ही प्रयत्न संपले आणि उडण्याची ओढ तशीच राहिली, तर एअरलाइनचा विचार जरूर करा, पण तेव्हाही पहिला रुपया डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकलवर. ते हातात आल्याशिवाय उड्डाण शाळेला ॲडव्हान्स नाही. लायसन्सला २०० तास लागतात. उडण्यालायक विमानं किती आणि गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे महिन्याला किती तास झाले, हे शाळेकडून लेखी घ्या. बारामती असो वा गोंदिया, पावसाळ्यात तास घटतातच. फी एकरकमी भरली असेल तर थांबण्याचं नुकसान तुमचं. पैसे उडालेल्या तासांच्या टप्प्याने द्या आणि कर्ज शैक्षणिकच घ्या, मुलाच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार.

तोवर एफडीतल्या २२ लाखांपैकी १० लाख मुलीच्या नावाने बाजूला काढा. मुलाला कॅम्पसमधून नोकरी मिळत असेल तर घेऊ द्या. नोकरी करत ॲफकॅट देता येते. फक्त त्या कंपनीचा सर्व्हिस बाँड दोन वर्षांचा तर नाही ना, ते बघून घ्या.