अॅडमिशनआधीच ‘नर्सिंग स्टुडंट’?

अगं, नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी दिलीस, छान झालं. पण स्टेटसला आत्ताच ‘नर्सिंग स्टुडंट’ कशाला? कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत सीट मिळून, फी भरून कॉलेजात नाव लागेपर्यंत ‘नर्सिंगची तयारी करतेय’ एवढंच म्हण.

मीही बारावीनंतर मिरवलं होतं. कळव्याच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकू इन्सुलिनची सिरिंज घेऊन दारात उभ्या. “टोच गं, तू नर्सच ना!” किती युनिट, कुठे टोचायचं, काही ठाऊक नाही, घामच फुटला. बीएस्सी नर्सिंगची ४ वर्षं किंवा जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची ३, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तेव्हा कुठे नर्स. काकूंना हे कोण सांगणार?

आणि बायोडेटात तर मुळीच लिहू नकोस. कुणी बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला मागितला तर काय दाखवशील?