रोझेटा स्टोनवर असं काय लिहिलंय की त्यावरून इजिप्तची चित्रलिपी वाचता आली? आणि ती फ्रेंच अभ्यासक शांपोल्योंनी एकट्यानेच वाचली का?

लिहिलंय ते अगदी सरकारी छापाचं आहे. इ.स.पू. १९६ मध्ये इजिप्तच्या मेम्फिस शहरात पुजाऱ्यांची सभा भरली. राजा पाचवा टॉलेमी तेव्हा तेरा वर्षांचा पोरगा होता, त्याने देवळांना टॅक्समध्ये सूट दिली, बंड मोडलं वगैरे, म्हणून प्रत्येक देवळात त्याचा पुतळा बसवायचा आणि त्याचा वाढदिवस साजरा करायचा असा ठराव झाला. हा ठराव तीन लिप्यांत कोरून देवळादेवळात लावा असंही त्यातच शेवटी म्हटलंय. म्हणून वर हायरोग्लिफ (म्हणजे चित्रलिपी), मधे रोजच्या वापरातली डेमोटिक आणि खाली ग्रीक, कारण टॉलेमी घराणं मूळचं मॅसिडोनियाचं, दरबाराची भाषा ग्रीकच.

ही शिळा जुलै १७९९ मध्ये इजिप्तमधल्या रशीद (रोझेटा) गावाजवळ नेपोलियनच्या सैनिकांना एका जुन्या किल्ल्याचं काम करताना सापडली. १८०१ ला फ्रेंच हरले आणि तहात ती इंग्रजांकडे गेली, १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण फ्रेंचांनी आधीच दगडाला शाई लावून कागदावर छापे काढून घेतले होते, त्यामुळे दगड लंडनला गेला तरी पॅरिसमधल्या लोकांचं काम थांबलं नाही.

आता खरा मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं ग्रीक येत होतं, मग खालचं वाचलं, वरच्याशी जुळवलं, झालं. तसं असतं तर २३ वर्षं लागली नसती! वरचा भाग तुटलेला, हायरोग्लिफच्या फक्त १४ ओळी उरल्यात आणि त्यातली एकही अख्खी नाही. स्वीडनच्या ओकरब्लाडने १८०२ मध्येच डेमोटिकमधली काही नावं ओळखली, इंग्लंडच्या थॉमस यंगने लांबट चौकटीतलं (राजांची नावं अशा चौकटीत लिहीत) टॉलेमीचं नाव बऱ्यापैकी लावलं, पण यंग म्हणत राहिला की चिन्हांना उच्चार फक्त परक्या, ग्रीक नावांपुरताच आहे. तिथे गाडी अडली.

शांपोल्योंकडे एक गोष्ट होती जी इतरांकडे तेवढी नव्हती, ती म्हणजे कॉप्टिक. ही जुन्या इजिप्शियन भाषेचीच शेवटची अवस्था, पण लिहायची ग्रीक अक्षरांत (आणि काही जास्तीची अक्षरं), आणि इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी ती चर्चच्या प्रार्थनेत जपून ठेवलेली. शांपोल्यों ती लहान वयातच शिकायला लागला, पॅरिसमध्ये एका कॉप्टिक धर्मगुरूकडूनही शिकला. सप्टेंबर १८२२ मध्ये त्याच्या हातात इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळातली रेखाटनं आली, त्यात एका चौकटीत आधी सूर्याचं गोल चिन्ह, मग एक वेगळं चिन्ह, आणि शेवटी दोनदा तेच चिन्ह जे त्याला टॉलेमीच्या नावातून 'स' म्हणून माहीत होतं. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. मधलं चिन्ह रोझेटावर जिथे येतं तिथे ग्रीकमध्ये वाढदिवसाचा उल्लेख आहे, आणि जन्माला येण्याला कॉप्टिक शब्द 'मिसे'. रे-म-स-स, म्हणजे रामेसेस! हा राजा टॉलेमीच्या हजारेक वर्षं आधीचा, अस्सल इजिप्शियन, म्हणजे उच्चार फक्त परक्या नावांपुरते नव्हतेच. मला तरी हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात जबरदस्त क्षण वाटतो.

तेव्हा एकट्याने नाही, पण निर्णायक पाऊल त्याचंच, आणि यंगला क्रेडिट द्यायलाच हवं. माझ्या मते मात्र दगडाइतकंच श्रेय शतकानुशतकं ती प्रार्थना म्हणत राहिलेल्या कॉप्टिक लोकांचं आहे, आणि ते कुणी फारसं देत नाही. आपल्या सिंधू लिपीचं घोडं अजून अडलंय तेही ह्याच दोन कारणांनी, दोन लिप्यांतला लेख सापडलेला नाही आणि लिपीमागची भाषा कुठली तेच ठरत नाही.

शांपोल्यों १८३२ मध्येच वारला, जेमतेम एक्केचाळीस वर्षांचा. त्याच्या वाचनावर शंका घेणारे तेव्हाही बरेच होते. मग १८६६ मध्ये जर्मन अभ्यासक लेप्सियसला इजिप्तमधल्या टॅनिसमध्ये तसाच तीन लिप्यांतला दुसरा हुकूमनामा सापडला, इ.स.पू. २३८ चा, आणि ह्यातला हायरोग्लिफचा भाग चांगला शाबूत होता. शांपोल्योंच्या पद्धतीने तो वाचला तर खालच्या ग्रीकशी जुळला.