सर्जन सासऱ्यांवर मृत्युलेख पहिल्यांदाच लिहितोयस ना, मग हे वाच

हे बघ, डिग्र्यांनी सुरुवात करू नको. एमएस कुठून केलं, प्रॅक्टिस किती वर्षं, हे दोन ओळीत उरक, आणि सालं मात्र कागद बघूनच टाक, घरात प्रत्येकजण वेगळं सांगतो. मी आमच्या काकांवर, तेही सर्जनच, लिहिलं तेव्हा रिटायरमेंटचं साल चुकलं आणि तेराव्याला आत्याने सगळ्यांसमोर माझी काढली.

मिरजेतला सर्जन म्हटलं की लोक वॉनलेसपासून सुरू होतात, 1894 चं हॉस्पिटल ते, पण तुझे सासरे तिथे नव्हतेच तर उगाच ती हिस्ट्री घुसडू नको. त्यापेक्षा ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या सिस्टरना भेट. 2005 आणि 2019 च्या पुरात ते कुठे होते, काय करत होते, हे विचार. फक्त पेशंटचं नाव, आजार काही लिहायचं नाही हां.

आणि ते "कुटुंबवत्सल" वगैरे नको बाबा, पेपरातल्या प्रत्येक जाहिरातीत असतं. आमचे काका मिठाईच्या पुड्याचा दोरा कधी तोडायचे नाहीत, गाठ सोडवून गुंडाळून ठेवायचे आणि रात्री त्याच दोऱ्याने खुर्चीच्या हाताला एका हाताने गाठी मारत बसायचे, सत्तरी ओलांडल्यावर पण, काकू ओरडायची की आता कुणाला शिवणार आहात. असलं एखादं शोध. बायकोला लगेच विचारू नको, रडेल ती. सासूबाईंजवळ चहाच्या वेळी नुसता जाऊन बस, त्या आपणहून सांगतील.