ज्याची पावती फाडायची नाही असं एक काम

चि. बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लागत नाही म्हणू नकोस. पेशवाईतल्या कारकुनाचं लागतं, तर काकूचंही लागेल.

तू तीन प्रश्न विचारलेस, मला त्यात एकच दिसतो. ऑफिसातला मित्र म्हणतो, मोडी लिपीचा ऑनलाइन कोर्स काढ, जुने कागद वाचून द्यायला पानाला दर लाव, शनिवार-रविवारचे पैसे होतील. तू दोन-तीन कामं घेतलीसही. आणि तेव्हापासून, तुझ्याच शब्दांत, ‘कागद उघडायचाच कंटाळा येतो’. म्हणून आता मोडीचा धंदा वाढवू की मोडी सोडून क्लाउडचं सर्टिफिकेशन करू, असं विचारतोयस.

सर्टिफिकेशन कर. पगार वाढवून माग, घराचे हप्ते फेड, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगल्या ठिकाणी कर. पैशाला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. बहुतेकांच्या मागे वडिलांनी काहीतरी ठेवलेलं असतं. मोडी वाचून देण्याचे पैसे घेण्यातही काही गैर नाही. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं कुणी न विचारलेल्या मोडी जाणकारांना एकाएकी तहसिलातून बोलावणी यायला लागली. त्यांनी मान मोडून काम केलं, मोबदला घेतला. योग्यच केलं.

पण तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला पगार आहे. तुझ्याकडे कमाईची कमतरता नाही, तुझ्याकडे न विकलेला वेळ उरलेला नाही. म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगणार आहे, कंटाळलास तरी: आयुष्यात एक काम असं ठेव की ज्याची पावती फाडायची नाही.

का ते सांगते. मागे एकांनी आजोबांच्या जन्माची नोंद शोधायला मला कोतवाल बुकाच्या झेरॉक्स दिल्या होत्या. जन्म-मृत्यूच्या नोंदी, गावच्या पाटील-कोतवालाच्या अमदानीतल्या. त्यांना हवं होतं एक नाव, एक तारीख आणि जात. दोन ओळींचं काम. पण मी पैसे ठरवले नव्हते, त्यामुळे घाईही नव्हती, आणि मी पानं उलटत पुढे गेले. १९१८चा पावसाळा संपला आणि मृत्यूच्या रकान्यात कारण म्हणून एकच शब्द यायला लागला. ताप. खाली ताप. पुढच्या पानावर ताप. एका घरातली सासू, मग सून, मग नाव न ठेवलेलं मूल. लिहिणाऱ्याने आधी प्रत्येक ओळीत ‘ताप’ पूर्ण लिहिलाय, पुढे पुढे नुसत्या टिंबटिंब रेघा ओढल्यात. दम लागला असणार त्याला. इन्फ्लुएंझाची साथ आपण शाळेत एका वाक्यात उरकली होती. इथे ती एका गावात, आळीआळीतून चालत गेलेली दिसत होती.

आता सांग, पानाला दर लावलेला माणूस त्या रकान्याकडे बघेल का? बघू शकणारच नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतं तेवढंच डोळ्यांना दिसायला लागतं, बाकीचं पान कोरं होतं. तुला कंटाळा येतोय तो मोडीचा नाही. तू वाचणं थांबवलंस आणि शोधून देणं सुरू केलंस, त्याचा तो कंटाळा आहे.

मागच्या खेपेला तू म्हणालास, ‘राजवाड्यांसारखं सगळं सोडता आलं पाहिजे.’ अरे, कशाला? वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव पायी फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं मागून आणली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे, पण ते एक अचाट आणि हेकट प्रकरण होतं, त्याची नक्कल करायला जाऊ नये. त्यांच्याच काळातले गो. स. सरदेसाई बघ. बडोद्याला गायकवाडांची नोकरी वर्षानुवर्षं केली आणि ती करता करता ‘रियासत’ ही इतिहासाची ग्रंथमाला लिहिली. निवृत्तीनंतर पुण्यातल्या पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून, निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड संपादले. साठी उलटलेली होती तेव्हा. नोकरी आडवी येते हे बहुतेक वेळा आपण आपल्याला सांगितलेलं कारण असतं.

हे मी अधिकारवाणीने बोलते, कारण मीही बँकेत आयुष्य काढलं. क्लार्क म्हणून लागले, क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. ऑफिसरची परीक्षा पास होऊनही प्रमोशन घेतलं नाही. सगळ्यांची समजूत अशी की मुलं लहान होती, बदली नको होती. मुलं लहान होतीच. पण खरं कारण असं की गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या गुरुजींकडे कागद वाचायला जायचे आणि ऑफिसर झाल्यावर ती संध्याकाळ गेली असती. हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. मोडीसाठी प्रमोशन सोडलं म्हटलं असतं तर नणंदेने डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणी चीफ मॅनेजर झाल्या, बाणेरला फ्लॅट झाले त्यांचे. कधीतरी हिशोब करते मी, नाही असं नाही. बँकेतली आहे, हिशोब सुटत नाही. व्याजासकट आकडा मोठा येतो. तो बघते आणि पुन्हा विचारलं तरी तेच करीन म्हणते. हट्ट म्हण हवं तर.

आता तू मनात म्हणशील, काकूंना पेन्शन आहे, त्यांना बोलायला काय जातं. बरोबर आहे. तुझ्या पिढीला पेन्शन नाही, नोकरी उद्या राहील याची खात्री नाही. म्हणून तर मी तुला नोकरी सोड म्हणत नाही, आठवड्यातले तीन तास म्हणते. तीन तास रील बघण्यात जातात तेव्हा तू त्यांना दर लावतोस का? त्या तीन तासांची मात्र पावती नाही. दुसऱ्यांदा सांगितलं.

खंत मला एकाच गोष्टीची आहे. भोरच्या बाजूला एका वाड्यात कागद आहेत असं कळलं म्हणून गेलो होतो. आजीबाई म्हणाल्या, कापडात बांधलेले कागदांचे रुमाल होते खरे, पुष्कळ होते, बंबात घातले. कुणी वाचणारंच नव्हतं, घरात वाळवी होत होती. उरलेला एक रुमाल सोडला तर आत कुणाच्या तरी लग्नाच्या खर्चाची याद. गूळ इतका, तूप इतकं, वाजंत्र्यांना इतकं, आणि समासात बारीक अक्षरात, ‘तूप कमी पडले’. मी हसले आणि मग मला हसवेना. बंबातल्या कागदांत काय कमी पडलं होतं ते आता कळायला मार्ग नाही. त्या बाईंना दोष देत नाही मी. ज्याचा उपयोग सांगता येत नाही ते आपण सगळेच जाळतो, तू तर तुझे रविवार जाळायला निघाला आहेस.

मशीन वाचेल ना थोड्या दिवसांत, असंही तू लिहिलंस. वाचू दे की. २०१४पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, आज ना उद्या वाचेलच, आणि पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जे पडून आहे ते बघता वाचायलाच हवं. पण रोपवे झाला म्हणून तू रायगड चढायचा सोडलास का? मग. तुला कागद वाचून संपवायचे आहेत की वाचायचे आहेत?

आणि कोर्स काढायचाच असेल तर फुकट काढ. तिथेही पावती नाही. शिकवताना माणूस परत शिकतो, फी घेतली की अभ्यासक्रम संपवायच्या मागे लागतो. हे माझं मत आहे, आमच्या मोडीच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना पटत नाही. ज्याला फुकट मिळतं तो येत नाही, असं त्यांचं म्हणणं. असेल. जो येतो तो पुरतो.

बाकी तुझी आई फोनवर म्हणाली की तू चिडचिडा झालायस. झोप नीट घे.

मागे दिलेलं पत्र परत काढ. सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतलं अरबी आकड्यांत लिहिलेलं साल, तू चुकवलास. ‘समान अर्बैन मया अलफ’ म्हणजे आठ, चाळीस, शंभर, हजार: ११४८. इसवी सन काढायला तू त्यात सरसकट ६०० मिळवलेस. हे साल मृगाला सुरू होतं, तेव्हा जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. पत्र भाद्रपदातलं आहे, म्हणजे १७४७. आणि तिसऱ्या ओळीत ‘पांडोजी’ नाही, ‘खंडोजी’ आहे, खालचा फाटा नीट बघ. सगळं पत्र पुन्हा लिहून काढ, समासासकट, आणि रविवारी घेऊन ये. त्याचे पैसे कुणीही देणार नाही. चौथ्यांदा.

तुझी,
काकू